बालसंगोपन आणि बुद्धीचा विकास

केशवापुरातील आमच्या घरी धाकट्या भावाचा अभ्यास मी घेते. तो चौथीत आहे. मागील वर्षी साताच्या पाढ्यात तो अडखळला की माझा हात उठे. हाच मुलगा गल्लीतल्या सवंगड्यांबरोबर कन्नडमध्ये गोट्यांचा हिशेब मात्र बिनचूक करी! एके दिवशी पाटी घेऊन बसण्यापूर्वी त्याने विचारले, "ताई, आज मारणार नाहीस ना?" त्या प्रश्नाने मी वरमले. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असूनही मी या विषयाकडे वळले, ते यामुळे.

जन्मतः बालकाच्या मेंदूचे वजन प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे चौथा हिस्सा असते. सहाव्या वर्षापर्यंत ते सुमारे ९० टक्क्यांवर पोचते. या काळात मेंदूच्या पेशींमध्ये असंख्य जोडण्या होतात. वापरातल्या पक्क्या होतात, बिनवापराच्या गळून पडतात. बाळ हुंकारले की आईने उत्तर द्यावे, त्याने बोट दाखवले की आजीने नाव सांगावे, हेच मेंदूचे खाद्य होय. उलट, भीती वाढली की मेंदूच्या पुढील भागाचे काम ढासळते. आणि आकडे मनात धरून विचार करणे हे त्याच भागाचे काम आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांचे तीन प्रकार वर्णिले: हुकूम गाजवणारे, मोकळे सोडणारे, आणि शिस्त व माया यांचा मेळ घालणारे. १९८३ मध्ये मॅकोबी व मार्टिन यांनी दुर्लक्ष करणाऱ्यांचा चौथा प्रकार जोडला. मेळ घालणाऱ्यांची मुले सरासरीने अभ्यासात सरस आढळतात. पण शांत मुलाशी शांतपणे वागणे सोपेच असते. तेव्हा कारण कोणते व परिणाम कोणता, हे केवळ निरीक्षणाने ठरत नाही.

त्यासाठी प्रयोग हवा. जमैकात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर असा प्रयोग सुरू झाला. काही घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला जाऊन, मुलाशी कसे खेळावे व बोलावे, हे आईला दाखवीत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, अशी भेट न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त भरली. भांडवल गुंतवणुकीचे धडे शिकणाऱ्या आपल्याला याहून बोलका ताळेबंद कोणता हवा?

हे सारे परदेशातलेच, असे मात्र नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभारले. पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी, कुरणशाळा असे प्रयोग केले. महागडी साधने नव्हती. खडे, शिंपले, बिया यांवरच मुले मोजायला शिकली. १९७५ पासून शासनाच्या बालविकास योजनेतून 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला.

आता आमच्या घरीही चिंचोके आले आहेत. सात-सातांचे आठ ढीग भाऊ स्वतः मांडतो आणि छप्पन्न मोजतो. माया म्हणजे ढिलाई नव्हे; सात वाजता बसायचे म्हणजे बसायचेच. तो अजूनही चुकतो, पण चुकल्यावर माझ्या हाताकडे न पाहता ढिगांकडे पाहतो. मला वाटते, शिकणे तेथूनच सुरू होते.