सुपरवायझर झालीस, आता

राजोडी, ता. वसई

चि. रेश्मा,


वालीवच्या मशीनशॉपात तुला सुपरवायझर केल्याचं दादाने फोनवर सांगितलं. हाताखाली सगळे पुरुष, त्यातले बरेचसे दादाच्या वयाचे. म्हणून लिहितेय.

टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलं होतं आणि सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आताच्या सुधा मूर्तींनी, १९७४ मध्ये जेआरडींना पोस्टकार्ड धाडलं, ही गोष्ट तुला शाळेपासून ठाऊक आहे. मला मात्र सुरेखा यादव जास्त जवळच्या वाटतात. १९८९ मध्ये त्या रेल्वेत सहायक ड्रायव्हर म्हणून लागल्या. आधी मालगाड्या, मग लोकल. डेक्कन क्वीन हाती आली ती २०११ मध्ये. मधली वीसेक वर्षं कुणी पेपरात छापत नाही. तुझी नोकरी आता त्या मधल्या वर्षांत आहे.

कारागीर म्हणतील, "मॅडम, आम्ही वर्षानुवर्षं असंच करतोय." वाद घालू नकोस. मायक्रोमीटर मागव, त्यांच्यासमोर जॉब मोज, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स दाखव आणि गप्प राहा. दादरच्या बाजारात आजी फुलांचा भाव असाच सांगायची. आकडा सांगितला की पुढचं बोलणं गिऱ्हाइकाचं. मात्र मशीन कुठे कुरकुरतंय ते ज्या जुन्या फिटरला नुसत्या कानाने कळतं, त्याला सगळ्यांदेखत विचार. विचारल्याने अधिकार जात नाही. निर्णय त्याच्यावर ढकललास तर जातो.

मीटिंगमध्ये चहा ओतायला तू उठू नकोस. एकदा उठलीस की ते काम कायमचं तुझं.

बायकांचं वेगळं स्वच्छतागृह नसेल तर पहिल्याच आठवड्यात माग. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून ते सक्तीचं आहे, शेठची मेहेरबानी नव्हे. मी टूलरूममध्ये कामाला होते तेव्हा आम्ही बायकांनी दिवसभर पाणी कमी पिऊन निभावलं; त्यात कौतुक करण्यासारखं काहीही नाही. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती लागते, अध्यक्ष बाईच हवी. एकही बैठक न घेता समिती नुसती कागदावर ठेवलेली असेल आणि तुझं नाव त्यात घालायला बघत असतील, तर सही करू नकोस.

रविवारी येशील तेव्हा नेमणुकीचं पत्र आण. काम सुपरवायझरचं आणि पगार आधीचाच, असं तर नाही ना, ते मला डोळ्यांनी बघायचंय.

तुझी,
आत्या