पागोट्यापासून बोडक्या डोक्यापर्यंत

आपल्या भाषेंत टोपी आणि पगडी अजून चांगल्या नांदत आहेत. पक्ष बदलणारा मनुष्य टोपी फिरवितो, भोळ्याला ठकविणारा त्याला टोपी घालतो, आणि मुंबईंत जुन्या चाळींतील खोली घ्यावयाची तर भाडेकरूला पागडी मोजावी लागे, हें तुमचे आजोबा सांगतील. परंतु वर्गांत उभें राहून पाहिलें तर इतक्या डोक्यांत एकहि टोपी दिसत नाहीं. डोक्यावरून ती उतरली केव्हां, कां उतरली, आणि तिच्याबरोबर आणखी काय काय गेलें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. विषय कपड्यांचा आहे म्हणून तो हलका समजूं नका. कोणीं काय ल्यावें आणि काय ल्यावयाचें नाहीं, यावरून आपल्या देशांत मोठे झगडे झालेले आहेत.

शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं पुण्यांतील एखादा गृहस्थ कचेरीला किंवा सभेला निघाला म्हणजे अंगांत अंगरखा, कमरेला धोतर, खांद्यावर उपरणें, पायांत जोडा आणि डोक्यावर पगडी, इतका सरंजाम झाल्याखेरीज तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीत नसे. घरांत तोच गृहस्थ उघड्या अंगानें वावरे आणि त्यांत कोणालाहि कांहीं वावगें वाटत नसे. म्हणजे रीतीचा पोशाख हा चारचौघांत जाण्याचा पोशाख होता. समोरच्या माणसाची आपण कदर करतों, हें तो न बोलतां सांगे.

पागोटें आणि पगडी यांत भेद आहे. पागोटें म्हणजे लांब वस्त्र. तें डोक्याभोवतीं गुंडाळून बांधावयाचें. पगडी ही कारागिरानें एकदां बांधून पक्की करून दिलेली; ती टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवावयाची. हें काम करणारास पगडबंद म्हणत. पुणेरी पगडी निराळी, शिंदेशाही निराळी, होळकरशाही निराळी. शेतकऱ्याचें मुंडासें निराळें, कोल्हापुराकडील फेटा निराळा. दुरून येणाऱ्या माणसाचा प्रांत, धंदा आणि पुष्कळदां जातसुद्धां त्याच्या डोक्यावर वाचतां येई. डोकें उघडें ठेवून बाहेर पडणें हें सुतकाचें लक्षण मानीत. ‘बोडका’ या शब्दांत जो हेटाळणीचा सूर आहे तो त्या काळचा आहे. तुमच्या कानांना आतां तो ऐकूंहि येत नसेल.

आपल्याकडे आदर दाखविण्याची रीत अशी कीं, डोकें झांकावें आणि पाय उघडे करावे. इंग्रजांची रीत नेमकी उलटी: टोपी काढावी, बूट तसेच ठेवावे. दोन्ही रीती सभ्य. परंतु राज्य एकाच्या हातीं आणि कचेरी त्याची, मग तंटा होणारच. साहेबापुढें येतांना देशी माणसानें जोडा बाहेर काढून ठेवावा, असा दंडक होता. पुढें १८५४ सालीं सरकारनें अशी सवलत दिली कीं, विलायती बूट घालणाऱ्यानें ते घालून यावें. देशी जोडा असेल तर मात्र काढावयाचा! १८६२ सालीं सुरतेच्या न्यायालयांत माणकजी कावसजी एंटी नांवाचे पारशी असेसर बूट घालून जाऊं लागले, तेव्हां न्यायाधीशानें हरकत घेतली आणि त्यावरून बराच वाद माजला. गांधीजींची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. १८९३ सालीं डर्बन येथील न्यायालयांत त्यांना पागोटें उतरावयास सांगितलें. त्यांनीं तें नाकारलें आणि ते उठून बाहेर गेले. पुढच्याच वर्षीं वकिलीची सनद मिळाली, तेव्हां मुख्य न्यायाधीशाच्या सांगण्यावरून त्यांनीं तें उतरलें. मित्रांना तें रुचलें नाहीं. परंतु अधिक मोठ्या कामासाठीं शक्ति राखून ठेवावी, असें त्यांना वाटलें.

जुना पोशाख एका दिवसांत गेला नाहीं. १९०० च्या आगेंमागें काढलेलीं छायाचित्रें पाहा. धोतर आहे, उपरणें आहे, डोक्यावर पगडी आहे. पण अंगरख्याच्या जागीं विलायती कापाचा कोट आलेला आहे. इंग्रजी शिकलेला मनुष्य मधूनच बदलूं लागला, डोकें आणि पाय मागाहून. मग पगडीची टोपी झाली. याला कारणें अनेक. डोकें तासून शेंडी राखण्याची रीत मागें पडून केस राखण्याची रीत आली, आणि केसांच्या डोक्यावर पगडी नीट बसेना. तयार टोपी दुकानांत स्वस्त मिळूं लागली. आगगाडीच्या गर्दींत पगडी सांभाळणें ही एक शिक्षाच. १९२० च्या असहकारितेच्या चळवळीनंतर खादीची पांढरी टोपी आली आणि टोपी हें पक्षाचें निशाण झालें. खेड्यांतील वृद्धांच्या आणि मुंबईच्या डबेवाल्यांच्या डोक्यावर ती अजून दिसते. शहरांतील तरुणांनीं मात्र तीहि ठेवली नाहीं, आणि त्यांना कोणी सुतकी म्हटलें नाहीं.

स्त्रियांच्या बाजूनें पाहिलें तर नऊवारीची पांचवारी झाली आणि पांचवारीची जागा पुष्कळ ठिकाणीं पंजाबी पोशाखानें घेतली. त्यावर जितके लेख आणि जितकीं व्याख्यानें झालीं, तितकीं पुरुषांच्या पगडीवर झालीं नाहींत. पुरुषांनीं आपला पोशाख मुकाट्यानें बदलला आणि संस्कृति राखण्याचें काम स्त्रियांच्या पदराला बांधलें, असें मला वाटतें.

आतां या विषयाची खरी गांठ. रीतीचा पोशाख नाहींसा झाला याचें दुःख करणारांनीं प्रथम हें पाहावें कीं, तो करण्याची मोकळीक सर्वांना कधींच नव्हती. त्रावणकोर संस्थानांत नाडार स्त्रियांना छाती वस्त्रानें झांकण्यासाठीं अनेक वर्षें मार खावा लागला. त्यांतील पुष्कळ जणी ख्रिस्ती झालेल्या होत्या आणि मिशनरी बायांनीं शिवून दिलेली कुडतीं घालीत. १८५९ सालीं महाराजांनीं जाहीरनामा काढून परवानगी दिली, तीहि अशी कीं, उच्च जातींच्या स्त्रियांसारखें वस्त्र घ्यावयाचें नाहीं. महाराष्ट्रांत १९२७ च्या डिसेंबरांत महाड येथें डॉ. आंबेडकरांनीं स्त्रियांना निराळें बसवून काय सांगितलें? अस्पृश्य म्हणून ओळखूं येण्याच्या खुणा टाका. गुडघ्यापर्यंत लुगडें नेसूं नका, इतर स्त्रियांप्रमाणें पायघोळ नेसा. हातापायांत चांदीच्या आणि कथलाच्या दागिन्यांचें ओझें बाळगूं नका. अनेक स्त्रियांनीं तेथल्या तेथें नेसण्याची पद्धत बदलली. लुगड्याच्या दोन वितींत एवढें मोठें बंड मावलें.

जोतीराव फुले यांनीं उलट वाट घेतली. १८८८ सालीं पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. सगळे पाहुणे जरीच्या आणि हिऱ्यामोत्यांच्या थाटांत आलेले. फुले शेतकऱ्याच्या वेषांत गेले आणि भर सभेंत म्हणाले कीं, या दागिने घातलेल्या मंडळींवरून आमच्या देशाची परीक्षा करूं नका. फुल्यांना चांगले कपडे नव्हते असें नाहीं. ते कंत्राटदार होते, पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. सांगावयाचें होतें तें त्यांनीं आधीं पोशाखानें सांगितलें, मग शब्दांनीं.

१९३१ सालीं लंडनमध्यें दुसरी गोलमेज परिषद भरली. गांधीजी आंखूड पंचा आणि शाल अशा वेषांत गेले; बकिंगहॅम राजवाड्यांत बादशहाच्या भेटीलाहि त्याच वेषांत गेले. हा वेष त्यांनीं १९२१ च्या सप्टेंबरांत मदुरा येथें स्वीकारला होता, कारण देशांतील कोट्यवधि लोकांजवळ याहून अधिक वस्त्र नव्हतें. त्याच परिषदेंत डॉ. आंबेडकर उत्तम शिवलेल्या विलायती पोशाखांत बसले होते. पुष्कळ जण विचारतात कीं, दीनदुबळ्यांचा पुढारी असा साहेबी थाटांत कां? विचारणारानें थोडें थांबून पाहावें. गांधीजी दिवाणाचे चिरंजीव आणि बॅरिस्टर. त्यांनीं वस्त्रें टाकलीं तर जगानें त्याला त्याग म्हटलें, आणि तें खरेंच होतें. आंबेडकरांनीं तीं टाकलीं असतीं तर कोणी त्याग म्हटलें नसतें. यांचें असेंच असावयाचें, असें म्हटलें असतें. ज्यांच्या वाडवडिलांना चांगलें वस्त्र नेसण्याची बंदी होती, त्यांच्यासाठीं कोट आणि बूट हे हक्काचे कागद होते. आज गांवोगांवच्या पुतळ्यांत तो निळा कोट आणि हातांतील पुस्तक एकत्र दिसतात, त्याचें कारण हेंच.

ही गोष्ट ध्यानांत धरून आजच्या स्थितीकडे पाहूं. मोठमोठ्या कचेऱ्यांतून गळपट्टी गेली, कोट गेला, जीन्स आणि टी-शर्ट आले. न्यायालयें जुन्या रीतीला सर्वांत घट्ट धरून राहणारीं. तेथें काळा कोट, गळ्याला पांढरे बंद आणि झगा. परंतु २०२० च्या मे महिन्यांत साथीमुळें पडद्यावरून कामें चालूं लागलीं, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानेंहि वकिलांना कोट आणि झगा यांतून मोकळें केलें आणि पांढरा सदरा, पांढरी साडी किंवा सलवार-कमीज यांवर भागविलें. २०२४ सालीं भारतीय नौदलानें अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत कुडता-पायजमा घालण्यास मोकळीक दिली. त्याच वर्षीं महाराष्ट्र सरकारनें आम्हां शिक्षकांसाठीं मात्र उलटा हुकूम काढला: जीन्स नको, टी-शर्ट नको, पुरुषांनीं सदरा विजारीत खोंचावा. हें सांगावें लागलें याचें थोडें वाईट वाटलें. ज्यानें सांगण्याची पाळी आणली त्याच्याविषयीं वाटलें कीं ज्यानें सांगितलें त्याच्याविषयीं, तें लिहीत नाहीं.

कोट गेला तर बिघडलें काय, असें तुम्ही म्हणाल. वैशाखांत मुंबईच्या दमट हवेंत लोकरीचा कोट घालून घामाघूम होण्यांत कांहीं शहाणपण नव्हतें, हें मी आनंदानें कबूल करतों. डोक्यावरून जात वाचतां येईनाशी झाली, हा तर निव्वळ लाभ. पण एका बाजूचा विचार फारसा कोणी करीत नाहीं, आणि पालकांसाठीं तो मुद्दाम लिहितों.

जुना नियम जाचक खरा, पण तो सर्वांना ठाऊक होता. पांढरा सदरा, काळी विजार, पॉलिश केलेले बूट. एवढें केलें कीं कोळ्याचा मुलगा आणि कलेक्टराचा मुलगा मुलाखतीच्या बांकावर सारखेच दिसत. कोट नसेल तर शेजाऱ्याचा उसना मिळे. बाह्या आंखूड असल्या तरी निभावे. आतां ‘कसेहि या, आमच्याकडे पोशाखाचें बंधन नाहीं’ असें सांगतात. ज्या घरांतून दोन पिढ्या अशा कचेऱ्यांत गेल्या, त्या घरच्या मुलाला या ‘कसेहि’चा अर्थ बरोबर कळतो. कोणती जीन्स चालते आणि कोणती नाहीं, सदऱ्यावर कोणतें चित्र नसावें, पायांतील साधा दिसणारा बूट किती महागाचा असावा, हें सर्व त्यानें घरींच पाहिलेलें असतें. जो घरांतून पहिलाच जाणारा, तो एक तर फार सजून जातो, नाहीं तर खरोखरच कसाहि जातो. आणि दोन्ही वेळां दाराशींच ओळखला जातो. नियम मोडला नाहीं, तो न लिहिलेला झाला. न लिहिलेला नियम उसना मिळत नाहीं.

म्हणून आपल्या मुलामुलींचा एक साधा, स्वच्छ, इस्त्रीचा जोड घरांत असूं द्यावा आणि मुलाखतीला तो निःशंकपणें घालावा, मग समोरचे परीक्षक कसेहि बसलेले असोत. शाळेच्या गणवेशाबद्दल जी कुरकुर दरवर्षीं जूनमध्यें ऐकूं येते, तिलाहि माझें हेंच उत्तर आहे.

पगडीची गोष्ट मात्र संपलेली नाहीं. २००९ सालीं पुणेरी पगडीला भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंदणी मिळाली, म्हणजे ज्या वस्तूनें रोजचें डोकें सोडलें ती कायद्याच्या दप्तरांत जपली गेली. आतां ती लग्नांत, सत्कारांत आणि नाटकांत दिसते. २०१९ च्या जानेवारींत पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठानें पदवीदान समारंभांतील विलायती झगा टाकून कुडता-पायजमा, उपरणें आणि पुणेरी पगडी आणली. तेव्हां कांहीं विद्यार्थ्यांनीं हरकत घेतली कीं, विद्यापीठ फुल्यांच्या नांवाचें, तर पगडी कां? फुल्यांचें पागोटें कां नाहीं? जिचा रोजचा वापर केव्हांच सुटला, त्या वस्तूवरून विसाव्या वर्षींची मुलें भांडलीं, याचें अनेकांना हसूं आलें. वरील इतिहास ज्यानें वाचला आहे त्याला तें येऊं नये.

आतां थोडा अभ्यास. सुटींत घरांतील सर्वांत जुना फोटो शोधून काढा. त्यांत कोणाच्या डोक्यावर काय आहे, पायांत काय आहे, कोण उभें आहे आणि कोण खुर्चीवर बसलें आहे, हें लिहून काढा. तो कपडा कोठून आणला होता, कोणीं शिवला, पुढें त्याचें काय झालें, हें आजीला विचारा. आजोबांनीं टोपी कोणत्या सालीं सोडली आणि त्या दिवशीं घरांत कोण काय बोललें, हेंहि विचारा. कित्येक घरांत असा फोटोच नसेल, कारण छायाचित्र काढून घेण्याइतके पैसे किंवा कपडे नव्हते. त्यांनीं तेंच लिहावें. वह्या जूनच्या पहिल्या आठवड्यांत माझ्याकडे द्याव्या.