भाव कोणत्या कांद्याचा?

अर्थशास्त्रात एम.ए. करायचं, पण नुसते सिद्धांत घोकायचे नाहीत. आकडेवारी हाताळायची, बाजार आणि सरकारी धोरणं समजून घ्यायची, असं ठरवून निफाड, येवला, सिन्नरकडची मुलं-मुली नाशिकला येतात. त्यांतली काही माझ्याकडे विचारायला येतात, कारण मी त्याच वाटेनं गेले आहे. त्यांना सुटं सुटं सांगते ते इथे सलग लिहिते. यातलं बरंच काही प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी ठाऊक असलेलं बरं.

मी 2023 साली नाशिकमधल्या एका महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्याच वर्षापासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदव्युत्तर अभ्यासक्रम बदलले. संशोधन पद्धती, क्षेत्रप्रकल्प किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि शेवटच्या वर्षात संशोधन प्रकल्प, असा आराखडा आला. कागदावर छान होता. वर्गात मात्र अर्थमिती फळ्यावरच राहिली. सूत्र लिहून घ्यायचं, दहा ओळींचं उदाहरण कॅल्क्युलेटरवर सोडवायचं, परीक्षेत तेच उतरवायचं. हजारो ओळींची खरी आकडेवारी समोर आली की पहिली पाच मिनिटं काय करायचं, हे कुणीच दाखवलं नाही.

प्रकल्पासाठी मी घरचाच विषय घेतला: लासलगाव बाजार समितीतली कांद्याची आवक आणि भाव. ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर फुकट मिळतात. काही वर्षांचे आकडे उतरवून घेतले, संगणकाला दिले आणि उत्तर उलटं आलं. पुस्तक सांगतं, माल वाढला की भाव पडतो. माझ्या आकड्यांत उन्हाळ्यानंतरच्या महिन्यांत आवक आणि भाव हातात हात घालून वर जात होते. आकडे उतरवताना गडबड झाली असेल म्हणून पुन्हा उतरवले. उत्तर तेच.

कोडं सोडवलं मामानं. "भाव चढला की आम्ही चाळ फोडतो गं. त्यात नवल काय?" उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो, टिकतो, चाळीत महिनोन् महिने राहतो. शेतकरी भाव बघून तो बाजारात आणतो, म्हणजे इथे भाव आवकेला ओढतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा टिकत नाही. निघाला की विकावाच लागतो, म्हणून तिथे आवक भावाला पाडते. मी दोन्ही कांदे एकाच रांगेत बसवून त्यांची सरासरी काढत होते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हा भाव कोणत्या कांद्याचा?" प्रकल्प दुरुस्तीसाठी परत आला.

ही अडचण काही लासलगावची एकटीची नाही. अमेरिकेत ई. जे. वर्किंग यांनी 1927 मध्येच दाखवलं होतं, की बाजारातल्या किमती आणि विक्रीचे आकडे एकत्र मांडले म्हणून मागणीची रेषा मिळेलच असं नाही. मागणी आणि पुरवठा दोन्ही हलत असतात. पुढच्याच वर्षी फिलिप राइट यांच्या वनस्पतिजन्य व प्राणिज तेलांवरील आयातशुल्काच्या पुस्तकाला जोडलेल्या परिशिष्टात यावरचा उपाय आला: फक्त पुरवठ्याला हलवणारी, पण मागणीला थेट न शिवणारी एखादी गोष्ट शोधा आणि तिच्या आधारानं मोजा. वर्गात ही पद्धत मी व्याख्येसह पाठ केली होती. ती आपल्या कांद्याच्या कामाची आहे, हे मात्र प्रकल्प परत आल्यावर कळलं.

दुसरा धडा रिकाम्या रकान्यांचा. ज्या दिवशी लिलाव झाले नाहीत त्या दिवशी आकडा नसतो. संगणक ती जागा कुठे शून्यानं भरतो, कुठे गाळून टाकतो. पण बंदचे दिवस आपोआप येत नाहीत. अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची जुनी प्रथा होती. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रानं कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलावच थांबवले. म्हणजे धोरणाचा धक्का जेव्हा सर्वांत मोठा, नेमका तेव्हाच आकडा गायब. त्यानंतर 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, ती 4 मे 2024 ला उठली, आणि उठतानाही किमान निर्यातमूल्य व शुल्क होतंच. हे टप्पे वेगळे न करता सगळ्या वर्षांचं मिळून एकच समीकरण मांडलं, तर त्यातून निघणारा आकडा कुठल्याच वर्षाचा नसतो.

तिसरा धडा काळाच्या ओघात वाढत जाणाऱ्या आकड्यांचा. सोन्याचा भाव आणि नाशिकमधल्या फ्लॅटचा भाव, दोन्ही वर्षानुवर्षं चढत गेले, तर संगणक त्यांच्यात घट्ट नातं दाखवेल. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या मालिकांतही असं नातं दिसू शकतं, हे ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी 1974 मध्ये दाखवलं. म्हणून आधी मालिका स्थिर आहे का तपासायचं, मगच नात्याबद्दल बोलायचं.

आता प्रवेश घेणाऱ्यांसाठी.

महाविद्यालयाची इमारत बघण्याआधी विभागात जा आणि मागच्या तुकडीचे प्रकल्प मागा. त्यांत खरी आकडेवारी आहे का, की पुस्तकातले उतारे? तक्त्याखाली स्रोत आणि कालावधी लिहिला आहे का? प्रकल्प दाखवायलाच विभाग तयार नसेल, तर तेही उत्तरच समजा.

पदवीचं नाव नीट वाचा. भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यांतली पदव्युत्तर पदवी लागते. आकर्षक नावाचे नवे अभ्यासक्रम निघत असतात. ज्या परीक्षेला बसायचं आहे तिच्या पात्रतेत ते नाव बसतं का, हे फी भरण्याआधी पाहा. त्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका इंग्रजीतूनच लिहाव्या लागतात. आपल्या विद्यापीठात एम.ए.चे पेपर मराठीतून लिहिता येतात, ती मोठी सोय आहे. पण मराठीतून शिकतानाही आठवड्याला एक उत्तर इंग्रजीत लिहायची सवय पहिल्या सत्रापासून लावा.

गणिताची भीती असेल तर ती प्रवेशाआधीच्या सुट्टीत काढा. अवकलन, सारणी (मॅट्रिक्स) आणि संभाव्यता एवढं पक्कं असलं तरी निम्मी वाट सोपी होते. पुण्याची गोखले संस्था किंवा मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था डोळ्यांसमोर असेल, तर या तयारीला पर्याय नाही.

सॉफ्टवेअरसाठी महाविद्यालयाची वाट पाहू नका. आर आणि ग्रेटल फुकट मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या कुटुंब उपभोग खर्च आणि श्रमबल पाहणीची मूळ आकडेवारीही नोंदणी करून मिळते. तिच्यात प्रत्येक कुटुंबाला भार दिलेला असतो. तो न लावता काढलेली टक्केवारी कुठेही सांगू नका.

आणि बाजारात जा. 1930 मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी सुरुवातीच्याच काळात पुण्याच्या फळबाजाराची पाहणी केली होती. उपयोजित अर्थशास्त्राची महाराष्ट्रातली ही आपली परंपरा आहे, आणि नाशिकच्या विद्यार्थ्याला ती पाळणं सगळ्यांत सोपं आहे. एसटीनं लासलगावला किंवा पिंपळगाव बसवंतला जा. लिलावात उभं राहा. किमान दर गोल्टीचा, म्हणजे बारक्या कांद्याचा, आहे की भिजलेल्या मालाचा, सर्वसाधारण दर कोण ठरवतं, दुपारच्या लिलावाची नोंद कधी होते, हे हमालाला, अडत्याला, शेतकऱ्याला विचारा.

प्रकल्पाचा विषय ठरला की संगणक उघडण्याआधी एक पान लिहा: हा आकडा कुणी, कुठे, कशासाठी नोंदवला, त्यात काय मोजलं आहे आणि काय सुटलं आहे. ते पान तुमच्या मार्गदर्शकाला दाखवा आणि त्या धंद्यातल्या एका माणसालाही वाचून दाखवा. दोघांनी मान डोलावली, तरच समीकरणाकडे वळा.