पेरणी यंत्राच्या दातेरी चक्रांची निवड

कुरुंदा व वसमत परिसरात सोयाबीनची पेरणी आता बहुतांशी ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने होते. शेतकरी बंधू बियाणे पारखून घेतात, त्याची उगवणशक्ती तपासतात, परंतु यंत्राच्या बाजूस असलेल्या साखळीकडे व तिच्या दोन दातेरी चक्रांकडे क्वचितच पाहतात. गेल्या खरिपात कुरुंद्याच्या शिवारात एका शेतकऱ्याने शेजाऱ्याचे यंत्र आणले. तबकडी सोयाबीनची बसविली. चक्रे मात्र हरभऱ्याच्या १० सेंटिमीटर अंतराचीच राहिली. पेरणीनंतर निम्मे बियाणे पेटीत उरलेले पाहून यंत्र बियाणे वाचविते, असा त्यांचा समज झाला. आठव्या दिवशी ओळी विरळ दिसल्या आणि मजूर लावून टोकण करावी लागली.

यंत्रातील रचना सायकलीसारखीच आहे. सायकलीच्या पुढील चक्रास ४४ व मागील चक्रास १८ दात असतील, तर पायटा एकदा फिरताच मागील चाक सुमारे अडीच वेळा फिरते. पेरणी यंत्रात जमिनीवरून फिरणाऱ्या चाकाच्या आसावरील चक्र हे चालक, व तबकडीच्या दांड्यावरील चक्र हे चलित होय. चालकाचे दात वाढविल्यास अथवा चलिताचे कमी केल्यास तबकडी जलद फिरते व दाणे दाट पडतात.

हिशेब असा करावा. चाकाचा व्यास ३५ सेंटिमीटर असल्यास परीघ ११० सेंटिमीटर येतो. तबकडीस १८ खाचे असून दोन्ही चक्रे १४ दातांची असल्यास चाकाच्या एका फेऱ्यात १८ दाणे पडतील, म्हणजे दोन दाण्यांत ६.१ सेंटिमीटर अंतर राहील. आपणांस ४५ × ५ सेंटिमीटर हवे. चालक चक्र १७ दातांचे बसविल्यास अंतर ५ सेंटिमीटर येते. चालक १४ चेच ठेवून चलित १२ चे केल्यास ५.२ व ११ चे केल्यास ४.८ सेंटिमीटर येते. लहान चक्रावरील एका दाताचा परिणाम मोठ्या चक्रावरील एका दातापेक्षा अधिक होतो, हे येथे ध्यानी घ्यावे.

हा झाला कागदावरचा हिशेब. आपल्या काळ्या जमिनीत चाक घसरते. त्याची परीक्षा शेतातच करावयास हवी. चाकावर खडूची खूण करून, फण जमिनीत ठेवून, नेहमीच्या वेगाने यंत्र चालवावे आणि दहा फेऱ्यांत तुटलेले अंतर मोजावे. ११ मीटरऐवजी १२.१ मीटर भरले, तर १७ दातांच्या चक्राने मिळणारे ५ सेंटिमीटर अंतर साडेपाचावर जाते. अशा वेळी चालक १९ दातांचे घेता येईल. तथापि तबकडी फार जलद फिरल्यास खाचे नीट भरत नाहीत, आणि सोयाबीनचे टरफल नाजूक असल्याने दाणा दुखावतो. म्हणून २४ खाच्यांची तबकडी मिळत असल्यास तीच घेऊन दोन्ही चक्रे १४ ची ठेवावीत, असे माझे मत आहे. इतक्या घसरणीतही अंतर ५ सेंटिमीटरच येते. ओल अधिक असल्यास चाकास चिखल चिकटून परीघ वाढतो. तो अधूनमधून खरवडावा.

चक्र बदलल्यावर साखळी सैल वा घट्ट होते. ताणचक्र सरकवून ती बेताची ताणावी व दोन्ही चक्रे एका रेषेत आहेत हे पाहावे. झिजलेल्या दातांवरून साखळी उडते, आणि तेवढ्या वेळात तास कोरा जातो.

हेक्टरी ६५, म्हणजे एकरी २६ किलो बियाणे धरून, पहिल्या एकरानंतर पेटीत किती उरले ते वजन करून पाहावे. त्यापूर्वी पहिल्याच तासात एक मीटर लांबीची माती हळूच उकरून दाणे मोजावेत. ते वीसच्या आसपास असल्यास पुढे पेरणी सुरू ठेवावी. पंधरा भरल्यास यंत्र तेथेच थांबवून चक्र बदलावे.