मनूच्या गॅलरीसाठी

अकोले,
३० मे

चि. मनूस,


तू पाठवलेला फोटो पाहिला. डझनभर नव्या कुंड्या, कोकोपीटच्या विटा आणि ब्रोकोलीपासून लेट्यूसपर्यंतची पाकिटं! नगरला सावेडीत, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या गॅलरीत, तेही मे महिन्यात लेट्यूस! पाकिटं अजून फोडली नसतील तर तशीच राहू देत. तुझ्या हौसेला मी नाही म्हणत नाही, पण काय लावायचं हे ऊन ठरवतं आणि किती लावायचं हे पाणी ठरवतं. तू या दोघांनाही विचारलेलं नाहीस.

येत्या रविवारी एक खडू घे. गॅलरीत ऊन आलं की दर तासाला फरशीवर त्याची कड आखून वेळ लिही. मिरची, टोमॅटो, वांगी यांना रोज सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाजीचं आणि पुदिन्याचं तीन-चार तासांत भागतं. तुझ्याकडे सकाळी सावली आणि दुपारनंतर भट्टी असणार. भिंत आणि फरशी तापून रात्रीपर्यंत धग सोडत राहतात, त्यात पानांपेक्षा मुळं आधी भाजतात. म्हणून उन्हाळ्यात कुंड्यांना बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि त्या थेट फरशीवर न ठेवता विटांवर ठेवायच्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला सरकला की खडूच्या रेघाही सरकतील, तेव्हा डिसेंबरात पुन्हा आखून बघ.

आता पाणी. नगरला मुळा धरणाचं पाणी येतं आणि दिवसाआड नळ म्हणजे काय हे तुला सांगायला नको. मोठ्या टबाला उन्हाळ्यात रोज लिटर-दोन लिटर पाणी लागतं. सगळ्या कुंड्यांचा हिशेब करून बघ, म्हणजे कळेल मी पाच कुंड्यांवर थांब का म्हणते. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालेल. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मात्र घालू नकोस, त्यात क्षार साठलेले असतात. बोअरच्या पाण्यानेही कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो.

आणि एक गंमत बघ. आपल्या दुष्काळी जिल्ह्यातसुद्धा कुंडीतली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच अधिक मरतात. पान मलूल दिसलं की आपला हात आधी तांब्याकडे जातो. पण माती सतत चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पानं तशीच मान टाकतात, अगदी तहानेने टाकावी तशी. मग आपण आणखी पाणी ओततो! दुपारी पानं लोंबली तर काही करू नकोस, रुंद पानाची झाडं कडक उन्हात असं करतातच. सकाळी बघायचं. सकाळीही पान लोंबलेलं असेल तर बोट दोन पेरं मातीत खुपस. आत ओल असेल तर पाणी नको. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नकोस, डेंग्यूचे डास त्यातच वाढतात.

माती बिल्डिंगच्या आवारातली आणू नकोस. तिथे बांधकामाचा राडारोडा असतो, सिमेंट-चुना असतो. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरूंना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं, तेव्हा त्यांनी तिथे फुलांचे वाफे खणायला घेतले होते. तर जमिनीत दगडगोटे, जुन्या बांधकामांचा ढिगारा, पडक्या वास्तूंचे अवशेष! ‘भारताचा शोध’मध्ये त्यांनीच हे लिहिलं आहे. त्यांना निवडीला वाव नव्हता, तुला आहे. निव्वळ काळी मातीही नको. ती कुंडीत सुकली की कडेने सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. पोयट्याची माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात मिसळ. तळाच्या भोकावर खापरी, तिच्यावर उसाचं पाचट, मग मिश्रण. वरूनही पाचटाचा थर दे, पाणी लवकर उडणार नाही. पाचटाला आपल्याकडे काय तोटा? वजनाचंही लक्षात ठेव. वीस लिटरचा ओला टब तीस किलोच्या घरात जातो. मोठे टब भिंतीलगत ठेव, कठड्याकडे नाही. कठड्यावर तर काहीच नको, खाली माणसं चालतात.

पहिल्या वर्षी एवढंच लाव: मिरचीची दोन रोपं, एक कढीपत्ता, एक पुदिना, एक वाल. पुदिना जुडीतल्या काड्या पाण्यात ठेवल्या तरी मुळं धरतो, पण त्याला स्वतंत्र कुंडी दे, तो शेजाऱ्याला जगू देत नाही. कोथिंबीर आता नको. उकाड्यात ती लगेच फुलावर येते. दसऱ्यानंतर धणे पोळपाटावर हलकेच लाटून दोन फाकी कर, रात्रभर भिजव आणि पसरट ट्रेमध्ये पेर. उगवायला आठ-पंधरा दिवस घेते, तेवढ्यात उकरून बघायचं नाही. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, म्हणून उतावळ्या माणसाने हिवाळ्यात मेथीच आधी पेरावी.

वाल मात्र मी देणार. दुकानातल्या संकरित बियाण्याचं पुढच्या पिढीत तसंच झाड येत नाही, दरवर्षी पुन्हा पाकीट. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण वालाच्या आणि इतर भाज्यांच्या कितीतरी गावरान जाती त्यांनी राखल्या आणि ‘बायफ’ संस्थेच्या साथीने बियाणे बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या परसबागेसारखी जागा तुझ्याकडे नाही, पण एका वेलाचं बी तू नक्की राखू शकतेस. वाल बहुतांशी स्वतःच्याच फुलात फळतो, त्यामुळे जात सहसा बिघडत नाही. मृगाचा पाऊस पडला की पेर. गावरान वाल दिवस लहान व्हायला लागल्यावरच फुलतो, तेव्हा ऑगस्टमध्ये नुसती पानं बघून नाराज होऊ नकोस. तोवर तो तुझ्या पश्चिमेच्या उन्हाला आडोसा करेल. शेवटच्या चार शेंगा वेलावरच वाळू दे, त्या भाजीसाठी नाहीत.

मावा आला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढ. नाही हटला तर निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर, मग गाळून, किंचित साबण घालून संध्याकाळी फवार. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला रस्त्याकडेला पडलेल्या मिळतील.

भाजीचे पैसे किती वाचले हे जावईबापूंना विचारू देऊ नकोस. मेथीची जुडी बाजारात स्वस्तच पडते.

दादा पुढच्या आठवड्यात नगरला येतोय. त्याच्याबरोबर वालाची पुडी आणि पाचटाची एक गोणी देते. गोणी जिन्यात सांडेल, वॉचमनला आधीच सांगून ठेव. आणि खडूच्या खुणांचा फोटो पाठव, म्हणजे उरलेल्या कुंड्यांचं बघू.

तुझी,
आत्या