आनंदीबाईंचा अर्ज

प्रिन्स्टन जंक्शनच्या एका फलाटावरून न्यूयॉर्कची गाडी सुटते, समोरच्या फलाटावरून ट्रेंटनची. तिथे गाडी बदलली की फिलाडेल्फिया. आपल्यापैकी कित्येकांची रोजची ही वाट. डॉ. आनंदीबाई जोशी यांचं अमेरिकेतलं आयुष्य याच वाटेच्या आसपास गेलं. उत्तरेला न्यू जर्सीतलंच रोझेल, जिथे जून १८८३ मध्ये त्या मिसेस कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. दक्षिणेला फिलाडेल्फिया, जिथे ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. आपलं वेस्ट विंडसर साधारण मध्ये पडतं.

त्यांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ बहुतेक घरांत वाचली गेली आहे आणि २०१९ चा चित्रपट मुलांनीही पाहिला आहे. म्हणून सगळं चरित्र सांगत नाही. मला लिहायचंय ते त्यांच्या एका पत्राबद्दल.

रोझेलला आल्यावर त्याच महिन्यात त्यांनी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. म्हणजे आधी समुद्र ओलांडला आणि अर्ज नंतर! त्या पत्रात त्या सरळ कबूल करतात, की प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करतो की नाही याची आपल्याला खात्री नाही. आपली परिस्थिती वेगळी आहे, ती ध्यानात घ्यावी, अशी विनंती करतात. जमेच्या बाजूला दोनच गोष्टी मांडतात: स्वकीयांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आणणारा निश्चय आणि चांगली प्रकृती. वय अठरा. आज आपण मुलांचे कॉलेजचे अर्ज दहा वेळा घासूनपुसून घेतो. असा अर्ज कोणी पाठवू दिला असता का?

पण ही उडी आंधळी नव्हती. कार्पेंटरबाईंनी गोपाळरावांचं छापलेलं पत्र १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना वाचलं. तेव्हापासून दोघींचा पत्रव्यवहार सुरू होता, त्यामुळे बंदरावर कोण येणार आणि राहायचं कुठे हे ठरलेलं होतं. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूरला (नगरचं नव्हे, कलकत्त्याजवळचं) त्यांनी जाहीर भाषण केलं. अमेरिकेलाच का, एकटी का, परतल्यावर जात वाळीत टाकणार नाही का, संकट आलं तर काय, असे लोकांचे प्रश्न स्वतःच एकेक घेऊन त्यांनी उत्तरं दिली. ७ एप्रिलला बोट सुटली. शिक्षण अपुरं, पैसा अपुरा, पण प्रश्न एकही टाळलेला नव्हता.

आता माझं सांगते, कारण मी नेमकं उलट केलं. मिरजेहून एम.बी.बी.एस. होऊन १९९६ साली नवऱ्याबरोबर इथे आले. परीक्षा द्यायचीच होती, पण ‘तयारी झाली की’. बायोकेमिस्ट्रीचं पुस्तक तीनदा वाचलं. मधल्या काळात एका प्रयोगशाळेत रक्त काढण्याचं काम धरलं. चार वर्षं गेली. एकदा एका वृद्ध गृहस्थांनी आपला रिपोर्ट पुढे करून विचारलं, हे क्रिएटिनिन म्हणजे काय, मला काही झालंय का? मला सगळं कळत होतं, आणि सांगण्याचा अधिकार नव्हता. ‘तुमच्या डॉक्टरांना विचारा’ म्हटलं. त्या संध्याकाळी फी भरली. गुण बेताचेच पडले, पण रेसिडेन्सी मिळाली. ज्यांची खरी धास्ती होती, ते फोनवरचं इंग्रजी, रात्री दोन वाजता नर्सला द्यायच्या ऑर्डरी, हे सगळं वॉर्डातच तीन-चार महिन्यांत जमलं. ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं, त्यामुळे आणखी दहा वर्षं वाचूनही ती तयारी झाली नसती.

मात्र डॉक्टर म्हणून मला त्या अर्जातलं एक वाक्य सलतं. प्रकृती चांगली, असं त्यांनी लिहिलं. श्रीरामपूरला असतानाच ताप आणि डोकेदुखी त्यांची पाठ सोडत नव्हती. फिलाडेल्फियाची थंडी, परका आणि अपुरा शाकाहार, त्यात अभ्यासाची जागरणं. क्षयाचा जंतू कॉखनं १८८२ मध्ये दाखवला होता, पण औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४३ उजाडलं. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्री-विभागाची नेमणूक त्यांची वाट पाहत होती. तिथे त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे आल्या आणि पकिप्सीच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. इथून दोन-अडीच तासांवर आहे, जरूर जाऊन या.

अटींतली उणीव कॉलेजनं भरून काढली, शिक्षणातली त्यांनी स्वतः तीन वर्षांत. शरीरातली उणीव मात्र उडी मारल्यानं भरत नाही, ती वाढते. त्यांचं धाडस सांगताना आपण हे गाळतो, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे असं मला वाटतं.

गेल्या वर्षी मंदिरात प्रसादाच्या रांगेत एक मुलगी भेटली. नागपूरकडची एम.बी.बी.एस., पदरी दोन वर्षांचा मुलगा. म्हणाली, ‘काकू, परीक्षा द्यायचीय, पण अजून तयारी वाटत नाही.’ मी तारीख घे म्हटलं. मग तिचा चेहरा नीट पाहिला, ओठ पांढरट, बोलताना धाप. म्हटलं, तारीख घे, पण त्याआधी रक्त तपासून ये. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, मुलाला आठवड्यातून दोन दिवस मी सांभाळते, आणि तिची परीक्षा मार्चमध्ये आहे.