अकरा जुड्या मेथी आणि तोबीतचे करडू



जुन्या करारातील तोबीतचे पुस्तक आपल्या प्रत्येकाच्या घरच्या कॅथलिक बायबलमध्ये आहे. अवघे चौदा अध्याय. पण "कोणी कोणी वाचले आहे?" असे विचारले, तर हात वर करणारे थोडेच निघतील. या आठवड्यात ते घरोघरी वाचले जावे म्हणून हा पाठ. विषय आहे म्हातारपणचा संसार आणि त्यातले हसू. धर्मगुरूने संसारावर बोलावे म्हणजे पोहता न येणाऱ्याने कृष्णेच्या घाटावर बसून सूचना देण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून ज्यांना पोहता येते अशा दोघांपासून सुरुवात करतो.

बाजाराची गोष्ट

आपल्याच धर्मग्रामातील एक आजी-आजोबा. आजोबा कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा कृतज्ञतेचे मिस्साबलिदान ठेवले होते. त्याच्या आदल्या दिवशी काय घडले ते आजींनी चर्चच्या आवारात, चहाचा कप हातात धरून, सगळ्यांना सांगितले. आजोबा शेजारच्याच खुर्चीवर बसले होते.

"चारच कामं सांगितली होती, फादर. मोठ्या मेणबत्त्या बारा, पेढे एक किलो, झेंडूची फुलं, आणि माझ्या चष्म्याची काडी बसवून आणायची. मी चिठ्ठी लिहिली. हे म्हणाले, चार कामांना चिठ्ठी कशाला, मी काय लहान पोर आहे? तरी मी खिशात कोंबली."

आजोबा सांगलीला गेले. गणपती पेठेत चिठ्ठी काढली, तर स्वतःचा चष्मा घरी टीव्हीवर राहिलेला. मग खिशातला आजींचा एका काडीचा चष्मा नाकाशी धरून त्यांनी वाचायचा प्रयत्न केला. आजींनी थोडक्यात 'मेण. १२' लिहिले होते. आजोबांनी 'मेथी १२' वाचले.

"अक्षर तिचं तसंच आहे," आजोबांनी इथे प्रथमच तोंड उघडले. "पन्नास वर्षं वाचतोय मी."

मंडईत भाजीवालीने विचारले, "काका, घरात लग्न आहे का?" आजोबा हो म्हणाले. "खोटं कुठं होतं?" असे त्यांनी आम्हालाही विचारले. मेथी एका साडीच्या दुकानाच्या पिवळ्या पिशवीत भरली. पेढे घेतले. स्टँडवर आले आणि कुपवाडऐवजी मिरजेच्या बसमध्ये बसले. बसमध्ये पन्नास वर्षांच्या संसाराची बातमी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून पेढे वाटले. मग डोळा लागला. जाग आली ती मिरजेत. तिथे चहा प्यायला बसले. शेजारच्या बाकड्यावरच्या गृहस्थाकडेही त्याच दुकानाची पिवळी पिशवी होती. उठताना पिशव्या बदलल्या.

दिवेलागणीला आजोबा घरी पोहोचले. आजींनी पिशवी उघडली तर आत शाळेचा नवा शिवलेला गणवेश, वर शिंप्याची पावती. पावतीवरच्या नंबरावर फोन लावून लावून शेवटी त्या गृहस्थांचा पत्ता लागला. त्यांच्या घरीही तोच प्रकार चालला होता. त्यांच्या बायकोने त्यांना विचारले होते म्हणे, "शिंप्यानं गणवेशाऐवजी मेथी शिवून दिली काय?" दोघे नवराबायको पुन्हा मिरजेला गेले आणि रात्री नऊला मेथी घेऊन परतले. मेणबत्त्या नाहीत. फुले शेजारच्या परसातली. चष्म्याची दुसरी काडीही मोडलेली.

अर्पणाच्या वेळी भाकर व द्राक्षारसामागून मेथीची एक जुडी वेदीपाशी आली, तेव्हा आम्हाला काहीच उलगडा झाला नव्हता. तो या गोष्टीने झाला. "बाराच्या बारा जुड्या परत आणल्या बघा," आजी म्हणाल्या. "अकरा," आजोबा म्हणाले. "एक चहावाल्याला दिली."

आवारातले सगळे पोट धरून हसले. सर्वांत जास्त आजोबा हसले.

दुसरा भाग

चार दिवसांनी आजी ऑफिसात आल्या. बस चुकण्याची ती तिसरी वेळ होती, असे त्यांनी सांगितले. "त्या दिवशी मी आधी रडले, फादर. चार वाजल्यापासून फाटकापाशी उभी होते. हसायला दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. म्हाताऱ्याचं डोकं गेलं असं कुणी म्हणायच्या आधी ही गोष्ट माझ्या तोंडानं सांगायची होती."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी आजोबांना डॉक्टरांकडे नेले. आता आजोबांच्या खिशात नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहिलेले कार्ड असते आणि सांगलीला दोघे मिळून जातात. हे छापू का, असे आम्ही दोघांना विचारले. आजोबा म्हणाले, "छापा. विसरणारा मी एकटा नाही इथं. पण मेथी अकराच लिहा."

तोबीतचे करडू

आता बायबल उघडू या. पहिल्या दोन अध्यायांत म्हातारा तोबीत आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगतो. निनवे नगरीत बंदिवासात राहणारा हा धार्मिक माणूस. पेन्टेकॉस्ट सणाच्या दिवशी ताट वाढलेले असताना तो मुलाला पाठवतो : एखादा गरीब बांधव शोधून आण, मिळून जेवू. मुलगा परत येतो तो खून झालेल्या एका इस्राएली माणसाची बातमी घेऊन. तोबीत जेवण टाकून उठतो, सूर्यास्तानंतर प्रेत पुरतो आणि त्या रात्री अंगणाच्या भिंतीशी झोपतो. वर चिमण्या बसलेल्या असतात. त्यांची विष्ठा डोळ्यांत पडते आणि त्याची दृष्टी जाते. पुण्यकर्म करून आलेल्या माणसावर यावे असे हे संकट!

पुढे त्याची पत्नी हन्ना विणकाम करून घर चालवते. एकदा मालक तिला मजुरीशिवाय एक करडू भेट देतात. घरात करडू ओरडते. आंधळा तोबीत विचारतो, हे कुठून आले? चोरीचे तर नाही ना? परत कर. ती सांगते, भेट मिळाले आहे. त्याचा विश्वास बसत नाही. तेव्हा ती संतापून विचारते, कुठे गेले तुझे दानधर्म? (तोबीत २:११-१४ वाचा.) तोबीत रडतो आणि मरण मागतो.

आपल्या शेजारच्या हरिपूरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संशयकल्लोळ' पुष्कळांनी पाहिले असेल. संशयी नवऱ्याला रंगमंचावर पाहून आपण खूप हसतो. पण घरात संशय शिरला की हसू पहिल्यांदा बाहेर पडते. तोबीत वाईट नव्हता. तो हरलेला होता. घर बायकोच्या मजुरीवर चालते हे त्याला सोसत नव्हते. ते तो बोलू शकला नाही, म्हणून करडावर घसरला. आपल्या घरांतही असेच होते. राग गुडघेदुखीचा किंवा कमी पेन्शनचा असतो, आणि निघतो तो चहात साखर जास्त झाली म्हणून.

मग येते ते काम. तोबीतला आठवते की मेदिया देशातल्या रागेस येथे गबाएलकडे आपण दहा तालांत चांदी ठेवली आहे. ती आणायला तो मुलाला, तोबियाला, पाठवतो. सोबत रोजाने ठरवलेला वाटाड्या. तो खरे तर राफाएल देवदूत आहे, पण हे कोणालाच ठाऊक नाही. बरोबर कुत्राही निघतो. नदीत मोठा मासा तोबियाच्या पायावर झडप घालतो. चांदी आणायला निघालेला मुलगा वाटेत साराशी लग्न करतो. साराचे आधीचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मेलेले! म्हणून सासरा रागुएल रात्रीच जावयासाठी खड्डा खणून ठेवतो, आणि जावई जिवंत आहे असे कळताच उजाडण्यापूर्वी तो बुजवायला सांगतो. लग्नाची मेजवानी चौदा दिवस चालते. चांदी आणायला शेवटी राफाएलच जातो.

इकडे घरी दोघे म्हातारे दिवस मोजत आहेत. तोबीत धीर देतो, तर हन्ना म्हणते, गप्प राहा, मला फसवू नकोस. ती रोज वाटेकडे डोळे लावून बसते (अध्याय १०). फाटकापाशी चार वाजल्यापासून उभ्या असलेल्या आपल्या आजी आम्हाला इथे दिसतात. शेवटी मुलगा येतो, सून येते, चांदी येते. ज्या माशाने जीव घ्यायचा प्रयत्न केला त्याच्याच पित्ताने तोबीतचे डोळे उघडतात. काम ठरल्याप्रमाणे मुळीच झाले नाही. देवाने मात्र त्या चुकत माकत गेलेल्या वाटेवरून घराला हवे ते सर्व आणून दिले.

लक्ष्मीबाईंचे हसू

मराठीत जोडीदाराच्या फजितीची गोष्ट कशी सांगावी हे शिकायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' वाचावे. त्या व त्यांचे पती, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, कॅथलिक नव्हते. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले आणि १९१७ साली ते सोडून आपल्या शेजारच्या साताऱ्यात बिऱ्हाड केले. १९१९ साली ते वारले. 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ सालापासून निघू लागले. १९३६ सालीच लक्ष्मीबाईंचे निधन झाले. म्हणजे ही एका वृद्ध विधवेने सांगितलेली संसाराची कहाणी आहे.

टिळक मोठे कवी, पण पैसा हातात टिकायचा नाही. मनात आले की उठून चालू लागायचे. कोणी गरजू भेटला की घरच्या अडचणीचा विसर पडायचा. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे दोघे दूर राहिले. १९०० साली त्यांनी स्वतः ख्रिस्ताचा स्वीकार केला. एवढे सोसलेली बाई हिशेब मांडायला बसली असती तर कोणी दोष दिला नसता. पण त्या हसतात, आणि हसताना स्वतःलाही सोडत नाहीत. स्वतःचे अज्ञान, स्वतःचा तापट स्वभाव, माहेरच्या सोवळ्याचे वेड, सगळे सांगतात. म्हणून वाचून झाल्यावर टिळकांबद्दल तुच्छता वाटत नाही, प्रेम वाटते. त्यांनी दुःख लपवलेले नाही. दुःखाच्या शेजारी हसूही लिहिले आहे.

संत थॉमस काय सांगतात

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक गोष्ट फार आवडली होती. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा' या ग्रंथात खेळ व विनोद यांचा विचार केला आहे. तिथे ते प्रेषित योहानाची जुनी कथा देतात. योहान शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोकांना राग आला. तेव्हा योहानाने एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला लावले, पुन्हा पुन्हा सोडायला लावले आणि विचारले, असे सतत करू शकशील का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, योहान म्हणाला.

योग्य प्रमाणात हसणे-हसवणे हा सद्गुण आहे, असे ॲरिस्टॉटलच्या मागून संत थॉमस सांगतात. जो स्वतः हसत नाही आणि दुसऱ्याच्याही हसण्यावर विरजण घालतो, तो दोषी आहे असेही ते म्हणतात. पण हसण्यालाही मर्यादा आहे. दुसऱ्याला दुखावणारी थट्टा या सद्गुणात बसत नाही.

ती मर्यादा कशी ओळखावी? आम्हाला मेथीच्या गोष्टीतून एक साधी खूण मिळाली. ज्याची फजिती सांगितली जाते तो समोर बसून "बारा नाही, अकरा" अशी भर घालू शकतो का? घालत असेल तर ते हसू दोघांचे आहे. तो मान खाली घालून चहा ढवळत असेल, तर गोष्ट तिथेच थांबवावी, घरी जाऊन क्षमा मागावी.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावर लिहिलेल्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात तीन शब्दांची आठवण दिली आहे : परवानगी मागणे, आभार मानणे, क्षमा मागणे. पन्नास वर्षांच्या संसारातही हे शब्द जुने होत नाहीत. आजी-आजोबांसाठीचा जागतिक दिवसही त्यांनीच २०२१ साली सुरू केला. तो जुलैच्या चौथ्या रविवारी असतो.

मुलासुनांनाही एक विनंती. वडील एकदा रस्ता चुकले म्हणून त्यांना घरात कोंडू नका, आणि तीनदा चुकले तर केवळ हसण्यावारीही नेऊ नका. डॉक्टरांना दाखवा. विसरणे हे पाप नाही आणि त्यात लाजण्यासारखेही काही नाही. बाजाराला त्यांच्याबरोबर जा. राफाएल वाटभर तोबियाच्या सोबत चालला आणि आपले नाव त्याने शेवटी सांगितले.

घरी मिळून विचार करण्यासाठी

१. तोबीत, अध्याय २ व १० मोठ्याने वाचा. तोबीत आणि हन्ना यांच्यापैकी कोणाचे बोलणे आपल्या घरात ऐकू येते?

२. आपल्या घरात कोणते 'करडू' आहे? म्हणजे भांडण एका गोष्टीवर आणि दुखणे दुसरेच, असे कुठे होते?

३. जोडीदाराची कोणती चूक आपण अजून चारचौघांत टोमण्यासारखी सांगतो? ती दोघांना हसता येईल अशी सांगता येईल का, की न सांगणेच बरे?

४. आपल्या गल्लीत एकट्याने बाजाराला जाणारे कोणी वृद्ध आहेत का? या आठवड्यात त्यांच्यासोबत कोण जाईल?

हे प्रभो, तोबीत व हन्ना यांच्या अंगणात तू पुन्हा आनंद आणलास. आमच्या घरांतील वृद्ध जोडप्यांना एकमेकांचा हात धरून चालण्याचे बळ दे. ते वाट चुकले तर त्यांना घरी आण, आणि वाट पाहणाऱ्यांना धीर दे. आमेन.